करपा

माझी रेषा शालन ऐवळेच्या चुलीवरून जात होती.

मोजणीचं मशीन तिपाईवर बसवून मी दुर्बिणीतून पाहिलं, तेव्हा समोरच्या खुणेच्या आणि माझ्या मधोमध पत्र्याचं एक छप्पर होतं. छपराच्या दारात चूल होती आणि चुलीपुढे एक बाई भाकरी थापत बसली होती. मी जवळ गेले. थोडा वेळ बाजूला होता का, असं विचारलं. तिनं वर न बघताच सांगितलं, "भाकरी तव्यावर हाय. ती उतरली की मी सरकते, बाई. घर मात्र सरकणार न्हाई."

मी भाकरी उतरेपर्यंत उभी राहिले. चार भाकऱ्या उतरल्यावर ती खरोखरच उठली, हात पुसले आणि बाजूच्या दगडावर जाऊन बसली. मी माप घेतलं. कागदावर लिहिलं. भूकरमापक म्हणून नोकरीला लागून मला जेमतेम सात महिने झाले होते. हिंगणमाळचं गायरान ही मला एकटीला दिलेली पहिली मोठी मोजणी होती.

आठ-नऊ वर्षं झाली त्याला. गायरान चौसष्ट एकराचं. त्यातला रस्त्याकडचा सव्वीस एकराचा भाग सपाट, गवताचा. बाकीचा गावामागे उतरत गेलेला, खडकाळ. या सपाट भागावर सौर वीज प्रकल्प यायचा होता. त्याला पंचवीस एकर एकसलग हवे होते. सपाट भागाच्या कडेला शालनसारखी चौदा भूमिहीन घरं तीस वर्षांपासून राहत होती. त्यांना जागा सोडायची नोटीस आली होती. आणि राहिलेल्या सगळ्या गवतावर गावातली मेंढरं चरत होती. मला सांगितलं होतं ते एवढंच, की पंचवीस एकराच्या हद्दी कायम करून नकाशा द्यायचा. कुणाला काय मिळावं हा प्रश्न मोजणीदाराचा नसतो.

गावच्या सरपंच इंदुमती ढोणे पहिल्याच दिवशी भेटायला आल्या. चाळिशीच्या, सडसडीत, पायात पुरुषी चपला, बोलणं नेमकं. मला त्यांनी जेवायला घरी नेलं. ताटावर बसल्यावर मी भीतभीतच विचारलं, की त्या चौदा घरांचं काय होणार.

त्यांनी माझ्या ताटात आमटी वाढली आणि शांतपणे सांगायला सुरुवात केली. गावाला शेतीची वीज आठवड्यातले चार दिवस रात्रीची येते. रात्री बारानंतर माणसं बॅटरी घेऊन रानात जातात, दारं धरतात, गुडघाभर चिखलात या वाफ्यातून त्या वाफ्यात पाणी फिरवतात. त्यात कुणी विहिरीत पडतं, कुणाला जनावर चावतं. अकरा वर्षांत गावात चार माणसं अशी गेली. त्यातले एक त्यांचे मालक. मक्याला पाणी पाजायला गेले आणि फुरसं चावलं.

"माझी पोरगी तेव्हा चार वर्षांची होती," त्या म्हणाल्या. "मॅडम, मी सरपंच झाले ते एकाच कामासाठी. या गावात पाणी दिवसाउजेडी पाजलं जाईल. शालनच्या घराचं मला वाईट वाटत नाही असं समजू नका. पण तिचं घर दुसरीकडं उभं राहील. मेलेलं माणूस उभं राहत नाही."

 मी जेवण संपवलं. निघताना सहज म्हणून विचारलं, की गावामागच्या उतारावर हा प्रकल्प नाही का बसणार.

"तिकडं काही नाही," त्या म्हणाल्या. "दगड आहेत." आणि पाठ फिरवून त्या भांडी उचलू लागल्या.

जुन्या नकाशातही तेच होतं. उताराच्या जागी 'खडक व घळी' एवढंच लिहिलेलं. गावात त्या उताराला 'करपा' म्हणत.

तिसऱ्या दिवशी मी लावलेल्या निशाण्या मोजत फिरत होते, तर त्यातल्या सहा नाहीशा. साठ-सत्तर मेंढरं त्यांच्यामधून गेली होती आणि मेंढरांच्या मागे हातात काठी घेतलेली एक म्हातारी उभी होती. ठकूबाई कोळेकर. वय सत्तरीच्या पलीकडचं, पण पाठ ताठ. मी चिडले. सकाळपासून केलेलं काम वाया गेलं होतं. मी तिला म्हणाले, की आजी, आता दोन महिन्यांत इथं कुंपण पडणार आहे, मेंढरांची दुसरी सोय बघा.

"कुटं बघू?"

मी गावामागे बोट दाखवलं. म्हटलं, तिकडं उतार आहे की मोकळा.

म्हातारी हसली.  "चल," म्हणाली, "दावते तुला मोकळा उतार."

मेंढरं तिनं शालनच्या हवाली केली आणि मला घेऊन निघाली. गावाला वळसा घालून आम्ही करप्यावर पोचलो तेव्हा सकाळचे दहा वाजले असतील. जानेवारी महिना होता. तिकडे सपाटीवर मी अंगात स्वेटर घालून काम करत होते. इथं पाच मिनिटांत तो काढून कमरेला बांधावा लागला. पायाखाली काळा मुरूम आणि चपटे दगड. गवत नावाला नाही, एक झुडूप नाही. ठकूबाईनं वाकून मला एका दगडाला हात लावायला सांगितलं. दगड गरम होता.

"दिवस उगवला की ऊन हितं येतंय ते मावळूस्तर हलत न्हाई," ती म्हणाली. "सावली म्हून न्हाई. पावसाचं पाणी थांबत न्हाई, म्हून गवत न्हाई. मेंढरू हितं उभं राहत न्हाई, पोरी. माझ्या सासऱ्याच्या काळापास्नं न्हाई. तिकडं सपाटीला पवना हाय, मारवेल हाय. दुष्काळात सगळं गाव तिथंच जनावरं सोडतंय. ते गवत झाकलं तर मेंढरं इकायची आणि बसून राहायचं."

ती बोलत होती आणि मी ऐकत होते. पण माझं डोकं तिच्या पहिल्या वाक्यावर अडलं होतं. ऊन इथं येतं ते मावळेपर्यंत हलत नाही. मी खिशातून होकायंत्र काढलं. उतार सरळ दक्षिणेला होता.

सौर पट्ट्या दक्षिणेकडे तोंड करून, तिरक्या बसवतात, एवढं मला माहीत होतं. आठवड्यापूर्वी कंपनीच्या कागदात मी हेही वाचलं होतं की पुढच्या रांगेची सावली मागच्या रांगेवर पडू नये म्हणून दोन रांगांत बरीच जागा मोकळी सोडावी लागते, आणि म्हणूनच पंचवीस एकर. पण जमीनच दक्षिणेला कललेली असेल तर? मागची रांग आपोआप उंचावर जाईल. सावली आखूड पडेल. जागा कमी लागेल.

"काय झालं ग?" ठकूबाईनं विचारलं. मी होकायंत्र हातात धरून तशीच उभी होते.

त्या संध्याकाळी मी आमच्या साहेबांना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, की उताराची मोजणी कुणी मागितली आहे का. नाही म्हटलं. मग आपण ती करू शकत नाही, ते म्हणाले, आणि ते नियमाला धरूनच होतं.  पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. नंतर ते म्हणाले, "मुलाणी, तुमची रजा शिल्लक आहे. जागेच्या ठरावाची ग्रामसभा सोमवारी आहे. सोमवारपर्यंत मशीन गावातच राहू दे, परत आणायला गाडी नाही. रजेत तुम्ही काय करता ते विचारायचं मला कारण नाही."

तीन दिवस मिळाले. हद्दी मोजणं वेगळं आणि उंची-सखलपणा मोजणं वेगळं. त्याला समोर पट्टी धरून उभं राहणारं माणूस लागतं, दर दहा-पंधरा पावलांवर. ऑफिसचा माणूस तर येणार नव्हता. शुक्रवारी सकाळी मी एकटीच करप्याकडे निघाले, तर वाटेत शालन उभी. मी ठकूबाईशी बोलले होते, तिनं हिला सांगितलं होतं. मी म्हटलं, तुमचा रोजगार बुडेल.

"घर बुडण्यापरास बरं," ती म्हणाली, आणि माझ्या हातातली पट्टी घेतली.

शालननं तीन दिवस ती पट्टी धरली. पहिल्या दिवशी दुपारपर्यंत तिला सरळ धरायला जमत नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी हात वर करायच्या आधीच ती पुढच्या जागेवर पोचलेली असे. उन्हानं आमच्या दोघींच्या चेहऱ्याची सालं निघाली. ठकूबाई सकाळ-संध्याकाळ यायची आणि कुठं पाय टाकू नये ते दाखवायची, कारण फुरशी त्या चपट्या दगडांखालीच राहतात. घळी कुठून कुठवर आहेत, पावसाळ्यात पाणी कोणत्या अंगानं पळतं, कुठला खडक पोकळ आणि कुठला घट्ट, हे तिला तोंडपाठ होतं. नकाशातल्या घळी निघाल्या फक्त दोन, त्याही दोन टोकांना. मधला बावीस एकराचा उतार एकसारखा होता. शंभर मीटरला बारा-तेरा मीटर उतरणारा, जणू कुणी मापून घडवावा तसा.

रविवारी संध्याकाळी कागद घेऊन मी इंदुमतीताईंकडे गेले. मला वाटलं होतं, त्या आनंदानं उठतील. त्यांनी कागद हातातही घेतला नाही. प्रकल्प एक वर्ष लांबेल, म्हणाल्या. जागा ठरली आहे, कंपनी तयार आहे, उद्या ठराव होईल. मी आकडे सांगू लागले. त्यांनी मला मधेच थांबवलं.

"मॅडम, करप्याचं नाव माझ्या घरात काढू नका."

मला राग आला, आणि खरं सांगायचं तर भीतीही वाटली. ज्या कामाची मला परवानगी नव्हती ते काम मी केलं होतं, आणि ज्यांच्यासाठी केलं त्यांनाच ते नको होतं. त्या रात्री मी सामान बांधूनही ठेवलं. सकाळी शालन दारात आली आणि म्हणाली, "चला, बाई." इतक्या साधेपणानं म्हणाली, की मला नाही म्हणताच आलं नाही.

ग्रामसभा मारुतीच्या देवळासमोरच्या मंडपात होती. दोनशेच्यावर माणसं. एका बाजूला बागायतदार, दुसऱ्या बाजूला चौदा घरांची ऐवळे वस्ती, मागे उभे धनगर. कंपनीचे इंजिनिअर सबनीस खुर्चीवर बसले होते. अर्धा तास नुसती खडाजंगी झाली. कुणी म्हणालं, मेंढरांपायी माणसं मारायची का. कुणी म्हणालं, विजेपायी घरं मोडायची का. दोघांचंही खरं होतं, म्हणूनच कुणी खाली बसत नव्हतं.

मी उभी राहिले. कागद टेबलावर पसरला. मी बोलले ते फार थोडं. उताराचं माप, त्याची दिशा, बावीस एकर. एवढं झाल्यावर सबनीस खुर्चीतून पुढे सरकले. त्यांनी कागद ओढून घेतला, चष्मा कपाळावर चढवला आणि पेननं कडेला आकडेमोड सुरू केली.

"हे मोजलं कुणी?" त्यांनी विचारलं.

"मी. आणि शालनताईंनी."

"आम्हाला सांगितलं होतं की तिथं घळी आहेत." त्यांनी पुन्हा आकडा केला. "दक्षिण उतारावर माझं काम एकोणीस-वीस एकरात होईल. पंचवीस लागणारच नाहीत. पाया खडकात घ्यावा लागेल, पण तो टिकेल जास्त. मला जागा बघावी लागेल."

मंडपात कुजबुज झाली. इंदुमतीताई उठल्या. जागा ठरलेली आहे, त्या म्हणाल्या, आणि ठराव वाचायला ग्रामसेवकाला खूण केली. त्यांचा आवाज नेहमीचा नव्हता. ग्रामसेवकानं वही उघडली, तेवढ्यात मागून ठकूबाई गर्दीतून वाट काढत पुढे आली. टेबलापाशी येऊन काठीवर दोन्ही हात ठेवून उभी राहिली.

"इंदू," ती म्हणाली, "तू त्या अंगाला अकरा वर्षं बघितलं न्हाईस. मला ठावं हाय का ते."

ग्रामसेवकानं वही मिटली आणि ठकूबाई पुढे बोलली.

"तुझा मक्याचा तुकडा करप्याच्या बुडाला. तुझा धनी तिथं पडला होता. पहाटंला पहिल्यांदा मला दिसला. माझ्या म्हाताऱ्यानं आणि मी घोंगड्यात घालून त्येला रस्त्यापतोर आणला. वाटंत शुद्धीवर होता. तुला आजवर सांगितलं न्हाई, सांगून काय होणार हुतं. पण आज सांगते. तो म्हणत होता, इंदूला रात्रीचं पाणी पाजायला लावू नका."

 आम्ही तीन दिवस ज्या उतारावर फिरलो, तो कुठला उतार होता, हे मला तेव्हा कळलं.  ठकूबाईनं आम्हाला कुठं पाय टाकू नये ते का इतकं परत परत दाखवलं, तेही कळलं.

 इंदुमतीताईंनी पदर खांद्यावर ओढून घेतला, टेबलाला वळसा घातला आणि मंडपाबाहेर चालू लागल्या. त्या घरी निघाल्या असं सगळ्यांना वाटलं. पण कोपऱ्यावर त्या उजवीकडे वळल्या, गावामागच्या वाटेला. ठकूबाई त्यांच्या मागे निघाली. मग शालन. मग मी, सबनीस, ग्रामसेवक वही काखेत मारून, आणि आमच्या मागे सगळी ग्रामसभा. बागायतदार, वस्ती, धनगर, एकमेकांत मिसळलेले.

करप्याच्या पायथ्याशी, आपल्या शेताच्या बांधावर त्या थांबल्या. बांध ओलांडून त्या तुकड्यात गेल्या, एका जागी उभ्या राहिल्या. तुकडा पडीकच होता. मग त्यांनी मान वर करून उताराकडे बघितलं. दुपारचे बारा वाजले होते आणि सगळा करपा उन्हानं पांढरा झाला होता.

"सबनीससाहेब," त्या म्हणाल्या, "इथं बसतंय का तुमचं?"

सबनीस चढून वर गेले. अर्ध्या उतारावर थांबले, चारही बाजूंना फिरून बघितलं, मोबाईलवर काहीतरी तपासलं, बुटानं मुरूम उकरून पाहिला. दोनशे माणसं खाली उन्हात उभी. ते परत आले तेव्हा त्यांचा शर्ट घामानं चिकटला होता आणि ते हसत होते.

"सपाटीपेक्षा चांगली वीज निघेल, ताई."

"मग इथंच बसवा," इंदुमतीताई म्हणाल्या. "ज्या रानात माझं माणूस रात्री गेलं, त्या रानावरून गावाला दिवसाची वीज येऊ दे."

ग्रामसेवकानं हळूच सांगितलं, की ठराव सभेच्या जागी व्हायला हवा. ताईंनी विचारलं, सभा कुठं आहे? त्यानं आजूबाजूला बघितलं. सगळं गाव इथंच होतं. त्यानं बांधावर बसून, मांडीवर वही ठेवून लिहायला घेतलं. प्रकल्प करप्यावर. सपाटीचं गवत मेंढरांना आणि गावच्या जनावरांना कायम. ऐवळे वस्तीची दीड एकर जागा घरांसाठी नियमित करावी, अशी शिफारस. हात वर करा म्हटल्यावर पहिला हात कुणाचा होता ते मी नेमकं पाहिलं: सगळ्यात मोठे बागायतदार आनंदराव यांचा, जे मघाशी मेंढरांविरुद्ध सगळ्यात जोरात बोलत होते. मग हातच हात. शालननं दोन्ही हात वर केले. ग्रामसेवक म्हणाला, एकच मोजणार. ती म्हणाली, "मोज एक, पर ऱ्हाऊ दे दोन."

मग सगळा बांध हसला. त्यात ताईही होत्या.

मला मेमो मिळाला. विनापरवानगी मोजणी केल्याबद्दल. सही साहेबांचीच होती. पण प्रकल्पाच्या फाईलला जोडलेला नकाशा मी काढलेला होता आणि त्याखालीही त्यांचीच सही होती. दोन्ही कागद माझ्याकडे आहेत.

पुढच्या वर्षी नव्हे, त्याच्या पुढच्या वर्षी मार्चमध्ये इंदुमतीताईंचा फोन आला. उद्या ये, एवढंच म्हणाल्या. 'मॅडम' म्हणाल्या नाहीत. मी गेले तेव्हा भर दुपार होती. वर करप्यावर निळ्या पट्ट्यांच्या रांगा पायऱ्यांसारख्या चढत गेल्या होत्या. खाली त्यांच्या तुकड्यात मका नव्हता, कांदा होता, गुडघ्याएवढा. विहिरीवरची मोटार दिवसा चालू होती. ताई साडी खोचून, अनवाणी, वाफ्यात उभ्या राहून दारं धरत होत्या. त्यांची कॉलेजात जाणारी मुलगी दुसऱ्या टोकाला होती. आसपासच्या रानांत जिथं नजर जाईल तिथं माणसं दिसत होती, दिवसाउजेडी, एकमेकांना हाका मारत पाणी पाजणारी.

मला बघून त्यांनी खोरं खांद्यावर टाकलं.  ओल्या हातानं माझा हात धरून मला पाटापाशी नेलं आणि म्हणाल्या, "पाय घाल." मी चपला काढून पाण्यात पाय घातले.

तेवढ्यात वाटेनं ठकूबाईची मेंढरं खाली उतरली. सपाटीवर चरून आलेली, तहानलेली. पाण्याचा वास येताच बांधापाशी येऊन खोळंबली, आत मात्र शिरेनात. ठकूबाई त्यांना हाकून पुढे न्यायला लागली. इंदुमतीताईंनी तिला थांबायला सांगितलं. त्या बांधापर्यंत आल्या, खोऱ्याच्या एका घावात पाटाचं दार फोडलं, आणि पाणी वाटेवरच्या सखल जागेत पसरू लागलं.

"पिऊ द्या त्यांना पोटभर," त्या म्हणाल्या. "वीज सहापर्यंत आहे."